सहीच्या वरचा मजकूर

भवानीपूर, कोलकाता
४ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. श्यामलाआत्यास,
मधुवंतीचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळीच्या पत्राला महिनाही झाला नाही आणि लगेच दुसरं आलं, म्हणून घाबरू नका. बाबा बरे आहेत. हात कापतो, लिहिणं असं सहीपुरतंच उरलं आहे, गुडघे कुरकुरतात; पण सकाळी भाजीबाजारात जाऊन बंगालीत भांडण्याइतके धडधाकट आहेत. फोनवर तुम्हाला ऐकू येत असतं तर हे दोन मिनिटांत विचारून झालं असतं.

काम आमच्या जुन्या कॉम्प्युटरचं आहे. आमच्या घरून तुम्हाला येणारी छापील पत्रं ज्यावर टाइप व्हायची, तोच. त्यावर विंडोज सेव्हन होतं, ते कधीच कालबाह्य झालं. पेन्शनसाठी बाबांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला भरावा लागतो आणि या वर्षी ती वेबसाइट त्या मशीनवर उघडेना. नवा कॉम्प्युटर घ्यायचा नाही, असं बाबांचं म्हणणं. नवं विंडोज त्यावर चढत नाही, कारण त्याला लागणारी सुरक्षेची चिप त्यात नाही. म्हणून मी चांदनी मार्केटमधून जादा मेमरी आणली, जुनं सगळं पुसलं आणि लिनक्स बसवलं. ही सिस्टिम मोफत मिळते आणि म्हाताऱ्या मशीनवरही नीट चालते. दाखला काल भरला गेला. बाबा पुढचं वर्षभर अधिकृतरीत्या जिवंत आहेत.

पुसण्याआधी मी सगळ्या फाइल्सची प्रत काढून घेतली. बाबा तीनदा म्हणाले की त्यातलं काही नको, जुना कचरा आहे, जाऊ दे. मी ऐकलं नाही. चारशे बारा फाइल्स, मोजून, पडताळून. तरी चूक झाली. बाबा ज्या मराठी पॅकेजवर टाइप करत, त्यात आत साठवली जायची ती इंग्रजी अक्षरं. त्यांच्यावर मराठी अक्षरांचे मुखवटे चढायचे. तो मुखवटा म्हणजे फाँट. तो फाइलींबरोबर नव्हता, पॅकेजच्या पोटात होता, आणि पॅकेज मी पुसलं. ते बनवणारी कंपनी बंद होऊन दहा वर्षं झाली. आता कोणतीही फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं यांची रांग दिसते. सेक्टर फाइव्हमधल्या माझ्या कंपनीत माझं कामच मुळी एका सिस्टिमवरची माहिती दुसरीवर न सांडता नेण्याचं आहे. हाताखालच्या कुणी ही चूक केली असती तर मी त्याला समोर बसवून जाब विचारला असता.

या फाइल्समध्ये आईची पत्रं आहेत. शेवटच्या वर्षी तिचा हात चालत नव्हता. ती सांगायची आणि बाबा टाइप करायचे. तिचं म्हणून माझ्याकडे दुसरं काही लिखित नाही, आणि जे आहे ते मला वाचता येत नाही.

आमच्याकडून आलेलं, आई जायच्या आधीचं एखादं छापील पत्र तुमच्याकडे असेल तर त्याची झेरॉक्स पाठवाल का? छापलेलं पान आणि त्याची फाइल शेजारी ठेवली की कोणत्या खुणेमागे कोणतं अक्षर आहे याचा तक्ता करता येईल. एक पान पुरे. कोणतंही चालेल.

आईच्या आजारात तुम्ही आला नाहीत, ती गेल्यावरही नाही. त्याबद्दल मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. पत्र असेल तर तेवढं पाठवावं.

प्रकृतीला जपावं, आणि आजवर जितकी आठवण ठेवलीत तितकी यापुढेही ठेवावी.

आपली,
मधुवंती


धंतोली, नागपूर
१३ नोव्हेंबर २०२५

चि. मधुवंतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. कानाचं नवं यंत्र घेतलं, पण त्यातून शेजारचा मिक्सर तेवढा स्पष्ट ऐकू येतो, म्हणून ते डबीत ठेवलं आहे. वरच्या मजल्यावरची वैदेही मला मोबाइलवर मेसेज करायला शिकवायला निघाली आहे. मी तिला सांगितलं की पस्तीस वर्षं पोरांच्या मराठीच्या वह्या तपासल्या, आता उतारवयात अंगठ्याने लिहायचं नाही.

लोकांच्या कंपन्यांची माहिती न सांडता नेतेस आणि घरची सांडलीस, हे वाचून हसू आलं. शारदा असती तर म्हणाली असती की ही माझी पोरगी दूध ओतताना भांड्याकडे बघत नाही, घड्याळाकडे बघते. ती दर थंडीत मला खजुराच्या पाटाली गुळाची ढेप पाठवायची, मुंग्यांसकट. ढेप यायची बंद झाली तरी त्या डब्याला अजून वास आहे.

आता पत्राचं. तुमच्या घरची सगळी पत्रं मी बांधून माळ्यावर ठेवली होती. छत गळलं, गठ्ठा भिजला, टाकून दिला. हे एक तेवढं राहिलं, कारण ते माझ्या पर्समध्ये होतं, हावड्याच्या तिकिटाबरोबर. तिकीट ४ जून २०१२ चं होतं. बॅग भरून दाराशी ठेवली होती. पत्र २ तारखेला आलं.

झेरॉक्स न पाठवता मूळच पाठवते आहे. मला त्याची प्रत नको.

तू लिहितेस की मी आले नाही. आधी हे वाच आणि मग पुन्हा लिही. सोळा वर्षांच्या मुलीवर राग धरू नये, एवढं मला कळत होतं. तरी धरला. त्याआधी तू मला अगं आत्या म्हणायचीस. या पत्रात पहिल्यांदा आपण आणि आपणांस आलं. पुढची सगळी वर्षं तू मला तुम्ही म्हणत राहिलीस, आणि मीही ते चालू दिलं.

खाऊनपिऊन असावं. बाकी काय लिहू.

तुझी आत्या,
श्यामला

(सोबतचं छापील पत्र)

कोलकाता, २८ मे २०१२

ती. स्व. आत्यास, मधुवंतीचा सा. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. आपण येथे येण्याचे ठरविले आहे असे कळले. कृपया येऊ नये. आईला विश्रांतीची गरज आहे व घरात पाहुणे असले की तिच्यावर ताण येतो. आपली सोय पाहण्यात माझ्या अभ्यासाचेही नुकसान होईल. आईचीही हीच इच्छा आहे. तिला बरे वाटल्यावर आम्हीच आपणांस बोलावू. राग नसावा.

आपली,
मधुवंती


भवानीपूर, कोलकाता
३० नोव्हेंबर २०२५

ती. स्व. आत्यास,
मधुवंतीचा शि. सा. न. वि. वि.

आधी तक्त्याचं सांगते, कारण तेवढं काम पूर्ण झालं आहे. एकूण एकशे चौऱ्याऐंशी खुणा निघाल्या. बऱ्याचशा तू पाठवलेल्या पानावरून लागल्या, उरलेल्या त्यांच्या मदतीने एकेक करून लावल्या. चारशे बाराही फाइल्स आता वाचता येतात. ते पान मी पहिल्यांदा फक्त अक्षरं म्हणून पाहिलं, एकामागून एक, अर्थ न लावता. तक्ता संपल्यावर पत्र म्हणून वाचलं.

ते मी लिहिलेलं नाही. सही माझी आहे.

आमच्या घरची एक पद्धत तुला माहीत नसेल. मी इंग्रजी शाळेत आणि बंगाली मैत्रिणींत वाढले. घरात मराठी बोलायचे, लिहिताना अडायचे. म्हणून तुला काय लिहायचं ते मी बाबांना तोंडी सांगायचे. ते टाइप करायचे, शुद्ध करायचे आणि छापलेला कागद माझ्यापुढे ठेवायचे. मी खाली सही करायचे. वाचायचे नाही, कारण एक पान वाचायला मला वीस मिनिटं लागत. बाबांनी कधी म्हटलंच की वाचून घे, तर मी म्हणायचे की तुम्ही लिहिलंय ना, मग वाचायचं काय. त्या दिवशी त्यांनी तसं म्हटलं होतं की नाही, हे मला आठवत नाही. खूप प्रयत्न केला.

मी त्यांना काय सांगितलं होतं, ते आठवतं. दहावीचा निकाल लागला, गणितात अठ्ठ्याण्णव मिळाले, आणि आत्या, तू लवकर ये, आई रोज विचारते. माझ्या समजुतीप्रमाणे त्या कागदावर हे होतं. मग तू आली नाहीस. १९ ऑगस्टला आई गेली. त्यानंतर मी मराठी वाचायला-लिहायला नीट शिकले.

आता दुसरी फाइल. ही आधीची आहे, २५ मेची. आईने सांगितलेली, बाबांनी टाइप केलेली. फाइल शेवटची कधी छापली गेली, याची तारीख फाइलच्या आत राहते. या फाइलमध्ये ती जागा कोरी आहे. म्हणजे हे पत्र कागदावर कधी आलंच नाही. मी काल छापलं. ते तुझं आहे, म्हणून सोबत पाठवते.

बाबांना विचारलं. ते म्हणाले की शारदाला काय आजार आहे, ते तिला कळू द्यायचं नव्हतं. ताईला खोटं बोलता येत नाही, ती आली असती तर एका दिवसात सगळं बाहेर पडलं असतं. मी आईचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांच्याच बोटांनी टाइप केलेलं. त्यांनी पहिल्या चार ओळी वाचल्या, चष्मा काढून पुसला, आणि दाखल्याची पावती कुठे ठेवली आहेस, असं विचारलं.

मी तुला पुन्हा तू म्हणते आहे. चालत नसेल तर कळव.

मधुवंती

(सोबतचं पत्र)

२५ मे २०१२

ती. ताईंस, शारदाचा सा. न.

हात उचलत नाही म्हणून यांच्याकडून लिहवून घेते आहे. मला काय झालंय ते मला कळलंय. यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. डॉक्टर माझ्याशी हसून बोलायला लागले तेव्हाच कळलं. घरात तिघंही फार गोड वागतो, त्याचा शीण येतो. ताई, तुम्ही या. माझ्याशी खरं बोलणारं कुणीतरी हवं आहे. मधूला पोळ्या लाटता येत नाहीत, तेवढ्या शिकवून जा. येताना काही आणू नका. थंडी असती तर तुमच्यासाठी गूळ घेऊन ठेवला असता.

शारदा


धंतोली, नागपूर
९ डिसेंबर २०२५

चि. मधुवंतीस,
अनेक आशीर्वाद.

शारदाचं पत्र मिळालं. साडेतेरा वर्षं लागली. पोस्टाला नावं ठेवायची सोय नाही.

तू म्हण. विचारलंस काय त्यात.

ती ते दिनूलाच, तुझ्या बाबांनाच, सांगत होती गं. मला लिहायच्या निमित्ताने. तोंडावर बोलता येत नव्हतं, म्हणून त्याच्याच बोटांतून त्याला कळवलं. आणि त्याने ते टाइप केलं, शुद्धलेखन तपासलं असेल, आणि फाइल बंद केली. आम्ही खिदिरपूरला गोदीच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो तेव्हा तो नापास झालेलं प्रगतिपुस्तक पाण्याच्या टाकीमागे ठेवायचा. खोटी सही करायचा नाही, फक्त दाखवायचा नाही. कुणी पाहिलं नाही तर ते झालेलंच नाही, अशी त्याची समजूत. तुझ्या सहीपर्यंत तो कधी पोचला, ते मला कळलं नाही.

आणि मी. एक उलटटपाली कार्ड टाकलं असतं, की मधू, तुझ्या आईनेच असं म्हटलं का, तर काय झालं असतं? टाकलं नाही. मला पाहुणी म्हटल्याचा राग आला. तिकीट पर्समध्ये तसंच राहू दिलं, बॅग उपसली. तो राग इतकी वर्षं तुझ्या नावावर होता. आता तो कुठे ठेवू, ते कळत नाही.

एक कर. दिनूला सांग की ताईला पत्र लिही. माफी नको, कारणं नकोत. काय केलं ते दोन ओळींत, त्याने स्वतः. सत्त्याहत्तर पुरी झाली मला. शारदाच्या स्वयंपाकघरात एकदा उभं राहायचं आहे. फेब्रुवारीत थंडी उतरली की येईन म्हणते. पण त्याचं पत्र आल्याशिवाय त्या घरात पाऊल टाकणार नाही. समोर बसून तो मला गुडघ्यांबद्दल सांगेल, मी ऐकू येत नाही म्हणून मान हलवीन, आणि असेच दोघं मरून जाऊ.

जेवत जा वेळेवर.

आत्या


भवानीपूर, कोलकाता
२८ डिसेंबर २०२५

ती. स्व. आत्यास,
मधुवंतीचा शि. सा. न. वि. वि.

सोबत बाबांचे दोन कागद आहेत. एकावर सही आहे, एकावर नाही. असं का, ते लिहिते.

तुझा निरोप मी त्यांना शब्दशः वाचून दाखवला. आठ दिवस ते फक्त भाजीबाजाराचं बोलले. नवव्या दिवशी स्वतःहून कॉम्प्युटरपुढे बसले. नव्या सिस्टिमवर मराठीचा कळफलक वेगळा आहे; त्यांची बोटं जुन्या टाइपरायटरच्या मांडणीला सरावलेली. दहा मिनिटांत त्यांना एक ओळ जमली नाही. ती जुनी मांडणी नव्या सिस्टिमवरही बसवता येते. पंधरा मिनिटांचं काम आहे. मी बसवली नाही.

मग ते म्हणाले की मी सांगतो, तू टाइप कर आणि शुद्ध करून घे. मी केलं. पहिला कागद तो. त्यात कोलकात्याची थंडी आहे, गुडघे आहेत, यंदाचा खजुराचा गूळ भेसळीचा आहे अशी तक्रार आहे, कॉम्प्युटर मधूने झकास करून दिला अशी माझी तारीफ आहे. शेवटची ओळ अशी की जुन्या गोष्टी मनात ठेवू नयेत. त्यांनी सांगितलं तसंच्या तसं आहे. तो मी सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवला नाही.

दुसरा कागद मी लिहिला आणि तो त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, वाचून घ्या. ते म्हणाले की तू लिहिलंयस ना, मग वाचायचं काय. हे माझंच वाक्य. मी दुसऱ्यांदा म्हटलं, वाचून घ्या. त्यांनी पेन मागितलं. सही करायला त्यांना बराच वेळ लागला, हात फार कापतो. तेवढ्या वेळातही त्यांनी वर पाहिलं नाही.

हे तुझ्यापासून लपवत नाही. कोणता कागद कसा झाला, ते तुला माहीत असावं. दुसऱ्या कागदात एकही वाक्य चुकीचं नाही, मी तपासलं आहे. तुला हवं होतं ते त्यात आहे आणि खाली सही त्यांची आहे. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या आठवड्याचं तिकीट मी इथून काढू शकते. तुझा होकार आला की काढते.

वाट पाहते आहे.

मधुवंती

(सही केलेला कागद)

ती. ताईस, सा. न.

२५ मे २०१२ रोजी शारदाने तुला बोलावणारं पत्र माझ्याकडून लिहवून घेतलं. मी ते पाठवलं नाही. २८ मे रोजी मी मधुवंतीच्या नावाने तुला येऊ नको म्हणून लिहिलं आणि तिची सही घेतली. तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. शारदाला सगळं कळलं आहे, हे मला माहीत होतं. तू घरात असतीस तर ते मोठ्याने बोलावं लागलं असतं. ते टाळण्यासाठी मी हे केलं.

दिनकर


धंतोली, नागपूर
८ जानेवारी २०२६

चि. मधुवंतीस,
आशीर्वाद.

दोन्ही कागद मिळाले. सही केलेला परत पाठवते आहे. बिनसहीचा ठेवून घेतला.

बिनसहीचा दिनूचा आहे. भेसळीचा गूळ दिनूचा, आणि जुन्या गोष्टी मनात ठेवू नयेत ही ओळही त्याचीच. मला ती लागली. पण त्याला एवढंच म्हणायचं आहे, हे तरी मला त्याच्याकडून कळलं.

दुसऱ्यात एकही वाक्य चुकीचं नाही म्हणतेस. नसेल. शारदाला सगळं कळलं आहे हे मला माहीत होतं, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ते बरोबर आहे. पण ते दिनूने म्हटलेलं नाही. मी इतकी वर्षं शाळेत होते. पोरांनी घरून लिहून आणलेला निबंध दुसऱ्या ओळीला कळायचा.

न वाचता केलेल्या एका सहीवर मी गाडी सोडली होती. न वाचता केलेल्या दुसऱ्या सहीवर मी गाडी पकडणार नाही. तिकीट काढू नकोस.

लहानपणी सगळे म्हणायचे की मधू आईवर गेली आहे. मीही म्हणायचे. नाही गं. तू दिनूवर गेली आहेस. तशीच टापटीप, तसंच शुद्ध लिहिणं, आणि समोरच्याच्या तोंडी आपले शब्द घालून खाली त्याची सही घेणं. त्याने भीतीपोटी केलं, तू हिशेबाने केलंस. तू मला सगळं सांगितलंस, हा फरक आहे, आणि तो मी मोजला आहे. म्हणून तुला लिहिते आहे. त्याला लिहीत नाही.

त्याची ती जुनी मांडणी बसवून दे. पंधरा मिनिटांचं काम आहे असं तूच लिहिलंस. बसवून दे आणि खोलीबाहेर जा. मग त्याने लिहावं किंवा लिहू नये. नाही लिहिलं तर मी येणार नाही, शारदाचं स्वयंपाकघर न बघता जाईन, आणि ते त्याच्यामुळे असेल. तुझ्यामुळे नको.

पोळ्या लाटायला शिकलीस का, ते कळव. ते शिकवायचं माझ्याकडे राहिलं होतं.

हे पत्र सही करण्याआधी मी दोनदा वाचलं आहे.

श्यामला